‘मूळ’ रॉडचा संप्रदाय

जुन्या मोटारसायकलीच्या इंजिनात कारखान्यातून आलेला मूळ कनेक्टिंग रॉडच असला पाहिजे, बाहेरचा रॉड घातला की गाडी ‘बाटली’, असे मानणाऱ्यांचा एक संप्रदाय आपल्याकडे आता चांगलाच स्थिरावला आहे. त्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत आणि मराठीचे प्राध्यापकही आहेत. बाटणे, शुद्ध असणे, अस्सल असणे ही त्यांची भाषा. हे शब्द तपासून वापरा असे ज्यांनी आयुष्यभर वर्गात शिकवले, त्यांनीच ते गॅरेजात न तपासता वापरावेत ही गोष्ट मला साधी वाटत नाही. विषय साहित्याचा नाही अशी तक्रार काही वाचक करतील. ‘मूळ’ या शब्दाची चिकित्सा हा आपला विषय नसेल तर तो कोणाचा आहे, हे त्यांनी सांगावे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. इंजिनाशी निष्ठा ठेवायची असेल तर ती सुट्या भागाच्या जन्मदाखल्याशी ठेवून भागत नाही. ती मापांशी, वजनाशी आणि तेलाच्या वाटेशी ठेवावी लागते. मोजून निवडलेला बाहेरचा रॉड हा न मोजता बसवलेल्या ‘ओरिजिनल’ रॉडपेक्षा त्या इंजिनाला अधिक इमानी असतो. आणि हा केवळ रुचीचा वाद नाही, कारण रॉड तुटला तर तो क्रँककेस फोडून बाहेर येतो, इंजिन जागीच अडकते, क्लच वेळेवर दाबला गेला नाही तर मागचे चाक अडकते आणि गाडीवरचा माणूस रस्त्यावर असतो.

उदाहरण म्हणून आपल्या सर्वांच्या ओळखीचे इंजिन घेऊ : साडेतीनशे सीसीची, बिडाच्या ब्लॉकची बुलेट. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, आकारमान ३४६ सीसी, ताकद अठरा अश्वशक्तीच्या आसपास. आराखडा इंग्लंडमधील रेडिचचा. १९५५ पासून ही गाडी मद्रासेत निघू लागली, आधी तिकडून आलेले भाग जोडून आणि पुढे सगळेच इथे घडवून. रेडिचचा कारखाना कधीच बंद पडला. मद्रासेत मात्र त्या आराखड्याचे इंजिन या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिले. इतकी वर्षे म्हणजे किती पोलादवाले, किती फोर्जिंगवाले, किती बेअरिंगवाले बदलले असतील याचा विचार करावा. तेव्हा १९६८ च्या गाडीत १९८५ साली कारखान्याच्या पाकिटातून आलेला रॉड बसवला, तर तो मूळ की बाहेरचा? संप्रदायाचे उत्तर ठरलेले आहे : पाकिटावर कारखान्याचे नाव आहे ना, मग मूळ. म्हणजे अस्सलपणा रॉडात नसून पाकिटात आहे. आणि पाकिटे छापणे हे रॉड घडवण्यापेक्षा किती सोपे असते, हे आपल्या पेठांत फिरलेल्याला सांगायला नको.

आता रॉड हे प्रकरण काय आहे ते थोडे बघू. पिस्टन वर-खाली जातो, क्रँक गोल फिरतो. या दोन गतींची गाठ घालणारा दांडा तो कनेक्टिंग रॉड. (परिभाषाकारांनी पिस्टनला दट्ट्या आणि कनेक्टिंग रॉडला संयोगदांडा असे प्रतिशब्द दिले आहेत. शब्द वाईट नाहीत, पण त्यांनी कधी हाताला ग्रीस लावून घेतले नाही. गॅरेजात ‘कनेक्टिंग’ एवढेच म्हणतात आणि ते मराठीच आहे.) वरच्या टोकाला गजन पिन, खालच्या टोकाला क्रँकपिन. सामान्य समजूत अशी की पेट्रोलचा भडका पिस्टनला खाली ढकलतो आणि त्या धक्क्याने रॉडला त्रास होतो. धक्का असतोच, पण दाब सोसणे दांड्याला तुलनेने सोपे जाते. बहुतेक वेळा त्याचा जीव घेते ती ओढ. धूर बाहेर टाकून पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याच्यावर दाबून धरणारा वायू नसतो. वेगात वर निघालेल्या त्या पिस्टनला थांबवून पुन्हा खाली खेचायचे काम एकट्या रॉडाला करावे लागते. मिनिटाला ५००० फेऱ्यांवर त्या क्षणी पिस्टनचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीड हजार पट भरते. पिस्टन, रिंगा, गजन पिन आणि रॉडचे वरचे टोक मिळून चारशे ग्रॅम धरले तरी ही ओढ सहाशे किलोच्या पुढे जाते, आणि ती मिनिटाला अडीच हजार वेळा येते. फेऱ्या ६००० केल्या तर ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे नऊशे किलोपर्यंत. अठरा अश्वशक्तीच्या गाडीवर शेपन्नास किलोमीटरची शेखी मिरवणाऱ्याने हा गुणाकार एकदा कागदावर करून पाहावा.

आणि अस्सलवाद्यांची खरी अडचण इथे सुरू होते. रेडिचच्या आराखड्यातला रॉड हलक्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा होता. हलका रॉड ही चांगली गोष्ट, कारण ओढ कमी. पण धातूच्या थकव्याच्या बाबतीत पोलाद आणि अॅल्युमिनियम यांचे स्वभाव वेगळे आहेत. पोलादावर येणारा ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते व्यवहारतः कितीही वेळा ताणले तरी टिकते. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नसते. ताण लहान असला तरी फेऱ्या मोजल्या जात असतात आणि हिशेब कधीतरी पुरा होतो. ताशी ५० च्या गतीने हजार तास, म्हणजे पन्नास हजार किलोमीटर चाललेले इंजिन मिनिटाला सरासरी ३००० फेऱ्या धरल्या तर अठरा कोटी वेळा फिरलेले असते. पन्नास वर्षांत एखाद्या बुलेटने याच्या किती पट अंतर कापले, याची नोंद कोणाकडेच नसते, कारण वेगदर्शकाची केबल मधली दहा वर्षे तुटलेली असते. अशा रॉडला ‘अजून तसाच आहे, एक ओरखडा नाही’ असे प्रशस्तिपत्र देणे म्हणजे म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याच्या हृदयाचा दाखला देणे. भेगा आधी डोळ्यांना दिसत नाहीत. रंगद्रव चढवून, पुसून, मग पांढरा लेप देऊन त्या शोधाव्या लागतात, आणि अॅल्युमिनियमवर चुंबकीय तपासणी चालत नाही हेही ठाऊक असावे लागते.

मग न वापरलेला, कपाटात राहिलेला जुना रॉड? त्याच्या अंगात थकवा नसेल, मान्य. पण पोलादी असेल तर कपाटातल्या दमट हवेने बेअरिंगच्या फिरत्या पृष्ठभागावर गंजाचे ठिपके पडलेले असू शकतात, आणि रोलरच्या वाटेवरचा एक ठिपका पुढे खड्डा होतो. शिवाय त्या काळी तो कोणत्या तपासणीतून पास झाला होता की नापास होऊन कपाटात पडला होता, हे पाकीट सांगत नाही. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी असा रॉड मोठ्या किमतीला घेतला. खालच्या डोळ्याचा व्यास आडवा आणि उभा मोजल्यावर तो गोल नसून लंबगोल निघाला. गृहस्थांनी तो तरीही बसवायला लावला. ‘मूळचा दोष हाही मूळचाच’ असे त्यांचे म्हणणे होते. यावर काय बोलणार?

या संप्रदायाला अलीकडे कायद्याचा आधार सापडला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांपुढच्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र वर्ग झाला. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे आली आणि नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी ठरली. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे, त्यात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. अट योग्यच आहे. पण ‘स्वरूप’ हा शब्द वाचायला आपण शिकलो आहोत ना? झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा, तेच काम करणारा भाग घालणे याला दुरुस्ती म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वीचे टायर घालून गाडी मिरवणुकीत आणा असे कोणी म्हणत नाही, क्लचप्लेटी कोणी जपून ठेवत नाही, तेल तर दर दोन-तीन हजार किलोमीटरला बदलतातच. मग हे पावित्र्य रॉडपाशीच का उफाळून येते? मला वाटते, तो दिसत नाही म्हणून. जे दिसत नाही त्याच्याविषयी श्रद्धा बाळगणे स्वस्त असते.

इथे कोणीतरी मिलिंदपञ्हातला रथ आणून उभा करतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठे आहे, हा नागसेनाचा प्रश्न. प्रश्न थोरच आहे. पण अनेक सुशिक्षित मंडळी त्याचा उपयोग विषय टाळायला करतात. आस मोडली तर कोणती आस घालायची, या प्रश्नाचे उत्तर त्या दृष्टान्तातून मिळत नाही. ते सुताराकडेच मागावे लागते.

आपल्याच घरातले अधिक उपयोगी उदाहरण संहितासंपादनाचे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हाती आलेली प्रत जुनी आहे एवढ्याने ती जशीच्या तशी स्वीकारावी, असे त्यांनी मानले नाही. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि त्या पोथीच्या प्राचीनतेवर वाद माजला. पोथी जुनी आहे हा दावाच पुरावा मानता येत नाही, हे त्या वादातून आपण शिकलो, निदान शिकायला हवे होते. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. सुकथनकरांनी कोणतीही एक पोथी ‘मूळ’ म्हणून डोक्यावर घेतली नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जिथवर मागे जाता येईल तिथवर जायचे, आणि टाकलेला प्रत्येक पाठ तळाशी नोंदवायचा, ही ती शिस्त. यातली नोंदवण्याची शिस्त गॅरेजात कोणी नेत नाही. तिथे एक तर पोथी पुजतात, नाही तर फेकून देतात.

फेकून देणाऱ्यांकडे आता वळतो, कारण ते संख्येने अधिक आहेत आणि त्यांच्या हातात पाना आहे. ‘साहेब, हेवी ड्यूटी घाला, रेसिंगचा आहे, जन्मभर बघायला नको.’ हा रॉड जाड असतो, इंग्रजी एच या अक्षरासारखा छेद असतो, आरशासारखा चकाकतो आणि शंभर अश्वशक्ती सोसतो असे सांगितले जाते. सोसत असेलही. आपल्याला अठराच सोसायच्या आहेत. पाचशे सीसीच्या, फेऱ्या वाढवलेल्या इंजिनात पोलादी रॉड घालण्याला कारण असते. तिथे पिस्टन जड, ओढ मोठी. साडेतीनशेच्या साध्या इंजिनात ताकदीचा प्रश्न नसून वजनाचा आहे, आणि वजन हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडून कधी निघत नाही.

एकसिलिंडर इंजिनात वर-खाली होणाऱ्या वजनाचा काही हिस्सा फ्लायव्हीलच्या प्रतिभाराने तोललेला असतो. पूर्ण तोलता येत नाही, कारण उभी थरथर पूर्ण मारली तर तितकीच आडवी उभी राहते. म्हणून आराखडा करणारा मधला आकडा निवडतो. समजा वर-खाली होणारे वजन ४५० ग्रॅम आहे आणि त्यातले ६० टक्के, म्हणजे २७० ग्रॅम, तोललेले आहे. आता नव्या पोलादी रॉडने वरच्या टोकाला ६० ग्रॅम वाढवले आणि खालच्या, गोल फिरणाऱ्या टोकाला १०० ग्रॅम वाढवले. खालच्या टोकाचे १०० ग्रॅम प्रतिभारातून सरळ वजा होतात. उरले १७०, आणि तोलायचे आहेत ५१०. साठ टक्क्यांचे तेहतीस झाले! मग हँडल हाताला झिणझिण्या आणते, मडगार्डाला चिरा जातात, हेडलाइटचे बल्ब जळतात, आणि मालक म्हणतो, ‘जुनी गाडी आहे, चालायचेच.’ गाडी जुनी आहे म्हणून हे झालेले नाही. ते नव्या रॉडने, किंबहुना नवा रॉड न तोलता बसवणाऱ्याने, केलेले आहे. जुना आणि नवा रॉड आडवे धरून, एक टोक आधारावर आणि दुसरे काट्यावर, अशी दोन्ही टोके वेगवेगळी तोलायला दहा मिनिटे लागतात. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. माझ्या अनुभवात दहातल्या नऊ ठिकाणी हे केले जात नाही.

वजनाइतकाच दुसरा प्रश्न खालच्या बेअरिंगचा. बुलेटच्या जुन्या आराखड्यात क्रँकपिन आणि रॉड यांच्यामध्ये मऊ धातूचे अस्तर असलेले एक मोकळे कडे असते, त्याला फ्लोटिंग बुश म्हणतात. ते पिनवरही सुटे आणि रॉडातही सुटे. दोघांच्या मधल्या कुठल्यातरी गतीने फिरत राहते. पंपाने दिलेले तेल क्रँकच्या टोकातून शिरून आतल्या भोकांतून पिनपर्यंत येते आणि सगळा भार तेलाच्या पडद्यावर तोलला जातो. कल्पना सुंदर आहे, आवाज तर नाहीच. पण तेल घाण झाले, पंप झिजला, किंवा क्रँकच्या टोकाशी असलेली छोटी सील गेली की पडदा फाटतो आणि बुश दगा देते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच रॉडांत याऐवजी रोलर बेअरिंग असते. रोलरला तेल थोडे पुरते, क्षणभर कमी पडले तरी ते सांभाळून घेते. पण त्याचा सगळा भार बारीक रेघांवर येतो, म्हणून रॉडच्या डोळ्याचा आतला पृष्ठभाग आणि पिन दोन्ही पुरेसे कठीण केलेले असावे लागतात. स्वस्त रॉडात वाचवले जाते ते हेच कठीणीकरण. काही महिन्यांत पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात आणि खालून ठकठक ऐकू येते.

माझे मत विचाराल तर तेलपंप नवा, तेलवाटा साफ आणि मालक वेळेवर तेल बदलणारा असेल तर बुशच ठेवावे. गाडी अनेकांच्या हातात फिरणारी असेल, थंड इंजिन सुरू करताच पिळणारी असेल, तर रोलर. यात मूळ काय आणि बाहेरचे काय हा प्रश्न येतच नाही. तेल किती पोचते हा प्रश्न येतो. ज्यांना हा व्यवहार हीन वाटतो त्यांनी गाडी काचेच्या कपाटात ठेवावी. तिथे कोणताही रॉड चालतो.

बसवण्याविषयी लिहायचे तर लेख फार लांबेल, पण काही गोष्टी लिहिल्याच पाहिजेत, कारण चांगला रॉड घेऊन त्याचे मातेरे करण्याची कला आपल्याकडे विकसित आहे. एक प्रघात असा की मिस्त्री रॉडच्या मधल्या दांड्यावर पंचाने तारीख किंवा गिऱ्हाइकाचे नाव ठोकतो. पंचाचा प्रत्येक घाव म्हणजे भेगेला दिलेले आमंत्रण. रॉडवर आडवा ओरखडासुद्धा असू नये. असलाच तर तो लांबीच्या दिशेने घासून काढावा. दुसरे, दोन डोळ्यांच्या मध्यांतले अंतर. नवा रॉड अर्धा मिलिमीटर लांब निघाला तर पिस्टन तितका वर येतो. सातास एकचे कॉम्प्रेशन सुमारे सात पूर्णांक दोनवर जाते. हे चालून जाईल. पण पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला टेकतो का, आणि जाड रॉड ब्लॉकच्या खालच्या काठाला घासतो का, हे हाताने क्रँक फिरवून पाहिल्याशिवाय किक मारू नये. तिसरे, गजन पिन. ती वरच्या बुशात अंगठ्याने दाबली असता गेली पाहिजे, आपल्या वजनाने घसरून पडता कामा नये. मायक्रोमीटर हवाच, पण अंगठ्याची ही परीक्षा मायक्रोमीटरवाल्यांनीही सोडलेली नाही.

तेलवाटेची गोष्ट सर्वांत दुर्लक्षित. क्रँकपिनमधल्या भोकाचे तोंड फ्लायव्हीलमधल्या भोकासमोर यावे लागते. पिन थोडी फिरून बसली तर तेल भिंतीवर आदळते आणि नवा रॉड पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये कोरडा मरतो. जुन्या क्रँकच्या या वाटेत वर्षानुवर्षांचा काळा गाळ शिरेसारखा चिकटलेला असतो. तो तारेने आणि रॉकेलने काढून, आरपार फुंकून पाहिल्याशिवाय जोडणी करू नये. नव्या पिनच्या भोकाच्या कडेला यंत्रकामाची धारदार बर राहिलेली असते, तीही काढावी. इतके झाल्यावर क्रँक केंद्रांवर धरायचा, दोन्ही बाजूंना डायल गेज लावायचा आणि फ्लायव्हील तांब्याच्या हातोडीने ठोकत, कधी मध्ये पाचर घालून, सरळ करायचे. चांगला कारागीर थरथर दोन-तीन शतांश मिलिमीटरांत आणतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी लेथवर आयुष्य काढलेली माणसे कुठे ठोकायचे हे गेजच्या काट्याकडे बघून सांगतात. त्या हातांचे वय वाढते आहे. त्यांच्या मुलांना ते शिकायचे नाही, आणि त्यात मुलांची चूकही नाही. एक क्रँक सरळ करायला अर्धा दिवस जातो आणि त्याचे पैसे देताना ‘ओरिजिनल’ पाकिटासाठी हजारो मोजणारा भक्त घासाघीस करतो. या संप्रदायावर माझा सर्वांत मोठा राग आहे तो हा. वस्तूचे मोल आहे, मोजणाऱ्याचे नाही.

आणि आपण, लिहिणारे? बुलेटच्या धडधडीवर मराठीत ललित लेखांची कमतरता नाही. ती धडधड वडिलांची आठवण होते, गावची वाट होते, पौरुष होते, हरवलेला काळ होते. ती क्रँकपिनपाशी काय होते, हे मात्र एकाही लेखात नाही. उसासे टाकायला शब्द पुरेसे आहेत, पण पिस्टनच्या अंगावरचा तिरका चट्टा वाचायला आपल्याकडे शब्द नाहीत. तो चट्टा वाचता येतो. पिस्टनच्या एका बाजूला वरच्या कडेशी आणि विरुद्ध बाजूला खालच्या कडेशी घासल्याची खूण दिसली की समजावे, रॉड वाकलेला आहे. पिस्टन ब्लॉकमध्ये तिरका चालतो आहे. मिस्त्री हे एका नजरेत वाचतो. आपण त्याला अडाणी म्हणतो आणि जुन्या पोथीवरचा हरताळाचा डाग ओळखणाऱ्याला संशोधक म्हणतो. हा फरक कशाच्या बळावर करतो, याचे उत्तर मराठी विभागांनी एकदा द्यावे. लोकसाहित्याच्या नावाने ओव्या गोळा करायला विद्यार्थी खेड्यात पाठवतो. एखाद्या विद्यार्थ्याने क्रँक जोडणाऱ्यांची बोली गोळा करतो म्हटले तर मार्गदर्शक मिळणार नाही.

कोणी म्हणेल, मग जुन्याचे काहीच जपायचे नाही का? जपायचे तर. काढलेला रॉड भंगारात टाकू नये आणि मिस्त्रीलाही देऊ नये, कारण तो पुसून, नव्या पाकिटात घालून दुसऱ्या भक्ताला ‘मूळ’ म्हणून विकला जाण्याची शक्यता असते. त्याला तेलाचा हात लावावा, जाड कागदात गुंडाळावे, आणि गाडीच्या कागदपत्रांबरोबर एका खोक्यात ठेवावे. सोबत वहीचे एक पान असावे. त्यावर इंजिन नंबर, उघडल्याची तारीख, जुन्या रॉडची लांबी, दोन्ही डोळ्यांचे आडवे-उभे व्यास, दोन्ही टोकांचे वेगवेगळे वजन. त्याखाली नव्या रॉडची तीच मापे, बुश की रोलर, पिनमधली ढिलाई, क्रँकची शेवटी उरलेली थरथर आणि ज्याने ती काढली त्या कारागिराचे पूर्ण नाव. पुढच्या वेळी इंजिन उघडणाऱ्याला हे पान पहिल्यांदा सापडेल अशा जागी, म्हणजे खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवावे.